निमे वेतन

आमच्या मावशीच्या घरी बाहेरच्या खोलीत तिचा आणि काकांचा एक फोटो आहे. दोघे खुर्च्यांवर ताठ बसलेले, नजर समोर, मागे स्टुडिओचा निळा पडदा. लग्नानंतर दोघांनी मिळून काढलेला हा एवढा एकच फोटो, आणि तोही हौसेपोटी काढलेला नाही. काका तालुक्याच्या सरकारी कचेरीत लिपिक होते. निवृत्तीला काही महिने उरले तेव्हा आस्थापना शाखेतून निरोप आला, पेन्शनच्या कागदांना पती-पत्नीचा एकत्र फोटो लागतो. मावशी तयार नव्हती. "नोकरी ह्यांनी केली, मग माझा फोटो कशाला?" असे तिचे म्हणणे होते. अखेर गेली, बसली, फोटो निघाला. प्रती कागदांबरोबर गेल्या, एक घरी राहिली. काका गेल्यावर ती चौकटीत आली.

काकांना जाऊन आता एकोणीस वर्षे झाली. पेन्शनचा आदेश मावशीच्या नावाचा, खाते तिचे, सही तिची. तरी महिन्याच्या सुरुवातीला ती सांगते, "ह्यांचं पेन्शन जमा झालं."

हे पेन्शन नेमके कोणाचे? गेलेल्या माणसाचे की मागे राहिलेल्या बाईचे? सरकारने मन मोठे करून दिलेले, की तिचे स्वतःचे? या प्रश्नाला साडेतीनशे वर्षांत निरनिराळी उत्तरे मिळाली आहेत. पात्रतेच्या नियमांत आज जी रूक्ष वाक्ये दिसतात, त्यांतले प्रत्येक वाक्य म्हणजे अशाच एखाद्या उत्तराची खूण आहे.

चालवावे

या वाटेची सुरुवात 'पेन्शन' हा शब्द आपल्याकडे येण्याच्या फार आधी होते. राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून कृष्णाजी अनंत सभासदाने सतराव्या शतकाच्या अखेरीस जिंजीला शिवचरित्राची बखर लिहिली. १६५९ च्या नोव्हेंबरात प्रतापगडाखाली अफझलखानाचा पाडाव झाला, त्यानंतर शिवाजी महाराजांनी लावलेल्या व्यवस्थेची नोंद तीत आहे. लढाईत जे पडले त्यांच्या मुलांना चालवावे. ज्यांना मुलगा नाही त्यांच्या बायकांना निमे वेतन करून द्यावे. जखमी झाले त्यांना जखमेची परीक्षा करून होन द्यावेत.

आजच्या डोळ्यांनी वाचले तर या दोन-तीन ओळींत पेन्शनच्या नियमांचा सगळा सांगाडा सापडतो. पात्र कोण, हे ठरलेले आहे. प्रमाण किती, हेही ठरलेले आहे: निम्मे. जखम किती खोल यावर रक्कम अवलंबून आहे, म्हणजे अपंगत्वाची श्रेणी आली. आणि 'चालवावे' हे क्रियापद फार नेमके आहे. एकरकमी बक्षीस देऊन मोकळे व्हायचे नाही, घर चालू ठेवायचे, हा त्याचा अर्थ.

पण क्रम पाहायला हवा. आधी मुलगा, आणि मुलगा नसेल तरच बायको. विधवेचा विचार तिच्यासाठी झालेला नाही, घराला पुढे नेणारा पुरुष नाही म्हणून झालेला आहे. हा क्रम उलटायला तीनशे वर्षे लागली.

पुढे मराठी दफ्तरांत या सोयीला एक नावच पडले: बालपरवेशी. फारसीतल्या 'परवरिश' म्हणजे पालनपोषण या शब्दावरून ते आले. कामी आलेल्या शिपायाच्या, सरदाराच्या मुलाबाळांसाठी तोडून दिलेली नेमणूक म्हणजे बालपरवेशी. तीत माया होती, राज्याचा स्वार्थही होता, कारण आपल्यामागे घर उघडे पडणार नाही हे ठाऊक असलेला शिपाई लढाईत पाय रोवून उभा राहतो. मात्र तो हक्क नव्हता. देणारा धनी बदलला, त्याची मर्जी फिरली, तर दाद मागायला जागा नव्हती.

बिठूर आणि झाशी

इंग्रजी अमलात 'पेन्शन' हा शब्द मराठी घरांत शिरला तो कारकुनाच्या कागदांतून नव्हे, राज्य गेल्याच्या दुःखातून. १८१८ मध्ये दुसऱ्या बाजीरावाने जॉन माल्कमपुढे शरणागती पत्करली आणि सालीना आठ लाख रुपयांची पेन्शन घेऊन तो बिठूरला राहायला गेला. तो फार जगणार नाही, असा इंग्रज वरिष्ठांचा होरा होता. बाजीराव आणखी तेहतीस वर्षे जगला. १८५१ मध्ये तो वारला, तेव्हा दत्तक पुत्र नानासाहेबाने पेन्शन पुढे चालू ठेवण्याची मागणी केली. डलहौसीच्या सरकारने ती फेटाळली. नेमणूक बाजीरावाच्या हयातीपुरती होती, असे उत्तर मिळाले. नानासाहेबाचा वकील अजीमुल्ला खान लंडनपर्यंत जाऊन रिकाम्या हाताने परतला.

झाशीत प्रश्न याच जातीचा होता. राजा गंगाधररावाने १८५३ मध्ये मृत्यूच्या आदल्या दिवशी दामोदरराव हा मुलगा दत्तक घेतला. ईस्ट इंडिया कंपनीने तो राज्याचा वारस मानला नाही, संस्थान खालसा केले आणि राणी लक्ष्मीबाईंना महिना पाच हजार रुपयांची पेन्शन देऊ केली. पुढे काय झाले ते प्रत्येक मराठी मूल शाळेत शिकते. सत्तावन्नच्या उठावाची कारणे पुष्कळ होती, पण 'तहहयात' या एका शब्दाचा अर्थ कोणी लावायचा हे भांडण त्यांच्या मुळाशी आहे. नेमणूक माणसाबरोबर संपते की घराकडे जाते? दत्तक हा घरातला की बाहेरचा? हेच दोन प्रश्न आजही पेन्शनच्या खटल्यांत उभे राहतात. फरक इतकाच की तेव्हा ते रणांगणात गेले, आता न्यायालयात जातात.

कारकुनाची बायको

कंपनीच्या गोऱ्या माणसांच्या विधवांची सोय लवकर झाली. मीर जाफरने मृत्युपत्रान्वये ठेवलेल्या पाच लाख रुपयांतून रॉबर्ट क्लाइव्हने १७७० मध्ये एक निधी उभारला. कंपनीच्या सैन्यातले निकामी झालेले अधिकारी, शिपाई आणि त्यांच्या विधवा यांच्यासाठी तो होता. बंगालच्या नवाबाचा पैसा, आणि त्यावर पोसल्या गेल्या गोऱ्या शिपायांच्या विधवा. पुढे लष्करी आणि मुलकी नोकरांचे वर्गणीचे फंडही निघाले.

एतद्देशीय कारकुनाची गोष्ट वेगळी होती. दीर्घ नोकरी झाली तर त्याला पेन्शन मिळे, पण ती त्याच्या शेवटच्या श्वासापर्यंतच. पेन्शनरांचे शहर म्हणून पुण्याची ख्याती झाली, त्या शहरातल्या पेन्शनरांच्या विधवांना मात्र नवऱ्याच्या तेराव्यानंतर सरकारकडून हक्काचे काही येत नसे. फार हलाखी असेल तर दयेच्या निधीकडे अर्ज करायचा. १८७१ चा पेन्शनांचा कायदा याच मनोवृत्तीतून आला. पेन्शनवर सावकाराला जप्ती आणता येणार नाही, हे चांगले कलम त्यात होते. पण पेन्शनीबाबत दिवाणी न्यायालयात जायचे तर जिल्हाधिकाऱ्याचा किंवा नेमलेल्या अधिकाऱ्याचा दाखला हवा, हेही कलम त्यातच होते.

ही पोकळी लोकांनी आपापल्या परीने भरायला घेतली. ईश्वरचंद्र विद्यासागरांनी १८७२ मध्ये कलकत्त्यात हिंदू फॅमिली ॲन्युइटी फंड सुरू केला. बेताच्या मिळकतीच्या माणसाने हयातीत थोडे थोडे भरावे आणि मागे विधवेला दरमहा काही मिळावे, ही त्यामागची कल्पना. १८८४ मध्ये टपाल खात्याने आपल्या नोकरांसाठी आयुर्विमा काढला. बायकांचा विमा उतरवायला त्या काळी इतर कंपन्या तयार नसताना १८९४ मध्ये टपाल आणि तार खात्यातल्या स्त्री नोकरांनाही त्यात घेतले गेले. महाराष्ट्रात पंडिता रमाबाईंचे शारदा सदन १८८९ मध्ये आणि अण्णासाहेब कर्व्यांचा अनाथ बालिकाश्रम १८९६ मध्ये निघाला, तो याच पार्श्वभूमीवर. या संस्थांकडे आपण स्त्रीशिक्षणाचे टप्पे म्हणून पाहतो, आणि ते बरोबर आहे. पण नवरा गेल्यावर जिच्या हातात एक पैसा येत नाही, अशी बाई हेही त्यांच्या जन्माचे कारण होते. मिळकतीचा मार्ग बंद, म्हणून शिकून स्वतःच्या पायावर उभे राहणे हा एकच मार्ग उरलेला.

याच शतकातला एक कायदा पुढच्या सगळ्या गोष्टीवर सावली धरून आहे. १८५६ च्या कायद्याने हिंदू विधवेचा पुनर्विवाह वैध ठरला. त्याच कायद्याच्या दुसऱ्या कलमाने मात्र सांगितले की पुनर्विवाह केला तर पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीवरचा तिचा हक्क संपेल, जणू ती त्या घराला मेली. एका हाताने दार उघडले आणि दुसऱ्या हाताने शिदोरी काढून घेतली. हा कायदा १९८३ मध्ये रद्द झाला, पण त्यातला विचार तोवर कर्मचाऱ्यामागे त्याच्या घराला मिळणाऱ्या कुटुंब निवृत्तीवेतनाच्या नियमांत घर करून बसला होता: मृत्यू किंवा पुनर्विवाह, जे आधी घडेल तोपर्यंत.

पहिली जानेवारी १९६४

स्वातंत्र्यानंतर १९५० च्या सुधारित नियमांत कुटुंबासाठी पेन्शन आली, पण दीर्घ सेवेची अट घालून आणि मोजक्या वर्षांपुरती. नवरा तरुणपणी गेला तर काही नाही, आणि म्हातारपणी गेला तरी मुदत संपली की पुन्हा काही नाही.

खरा पालट १ जानेवारी १९६४ रोजी झाला. त्या दिवसापासून केंद्र सरकारच्या सेवेत कुटुंब निवृत्तीवेतनाची नवी योजना लागू झाली. एक वर्षाची सलग सेवा पुरेशी ठरली. विधवेला किंवा विधुराला, पुनर्विवाह न केल्यास, ते आजन्म मिळू लागले आणि त्यानंतर ठरावीक वयापर्यंत मुलांना. सभासदाच्या बखरीतला क्रम इथे उलटला: आधी जोडीदार, मग मुले. महाराष्ट्राच्या १९८२ च्या निवृत्तीवेतन नियमांतही ही योजना '१९६४' हा आकडा नावात घेऊनच वावरते.

पण ही योजना फुकट नव्हती. तिच्या बदल्यात कर्मचाऱ्याच्या उपदानातून (ग्रॅच्युइटीतून) दोन महिन्यांच्या वेतनाइतकी रक्कम कापली जाई. ही अट २२ सप्टेंबर १९७७ पासून गेली. आणि एक मोठा अन्याय राहिलाच. १९६४ पूर्वी जे निवृत्त झाले किंवा वारले, त्यांच्या विधवा योजनेबाहेर होत्या. एकाच कचेरीत एकाच टेबलाशी बसलेले दोघे, एक डिसेंबरात निवृत्त झाला, दुसरा जानेवारीत. दुसऱ्याच्या विधवेला आजन्म पेन्शन, पहिल्याच्या विधवेला काही नाही.

ही रेघ पुसण्यासाठी आधी पेन्शन म्हणजे काय हे ठरावे लागले. १९७१ मध्ये देवकीनंदन प्रसाद यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की पेन्शन ही सरकारच्या मर्जीची बक्षिसी नाही, ती कर्मचाऱ्याची मालमत्ता आहे. मग १७ डिसेंबर १९८२ रोजी डी. एस. नकारा यांच्या खटल्याचा निकाल आला. ३१ मार्च १९७९ ही तारीख धरून तिच्या आधी निवृत्त झालेल्यांना पेन्शनच्या सुधारित सूत्रातून वगळले होते. पाच न्यायमूर्तींचे पीठ होते, अध्यक्षस्थानी पुण्याचे यशवंत विष्णू चंद्रचूड होते आणि निकालपत्र न्यायमूर्ती डी. ए. देसाई यांनी लिहिले. निवृत्तांचा वर्ग एकच आहे, मनाला येईल त्या तारखेने त्याचे दोन तुकडे करता येणार नाहीत, असा निवाडा झाला. पेन्शन म्हणजे केलेल्या कामाचाच, मागाहून हाती येणारा मोबदला, हा विचार तिथे पक्का झाला. १७ डिसेंबर हा दिवस पेन्शनर मंडळी आजही पेन्शनर दिन म्हणून पाळतात, ते याच निकालामुळे.

त्या पायावर १९८५ मध्ये १९६४ पूर्वीच्या विधवांचा प्रश्न सुटला. २२ सप्टेंबर १९७७ पासून त्यांनाही कुटुंब निवृत्तीवेतन द्यावे, असा आदेश झाला. तोवर त्यांतल्या पुष्कळजणी म्हाताऱ्या झाल्या होत्या. हक्क मान्य होईपर्यंत हक्कदार हयात राहील याची हमी कोणताही निकाल देत नाही.

कुटुंब म्हणजे कोण

पैसा किती, यापेक्षा कुटुंबात कोण मोडते, हा प्रश्न अधिक खोल आहे. १९८९ मध्ये तो एका वेगळ्या बाजूने आला. निवृत्तीनंतर लग्न केलेल्या माणसाची बायको कुटुंबात धरायची का? नियम म्हणत होता, नाही. सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, धरायची. बायकोला पेन्शन मिळते ती ती बायको आहे म्हणून. लग्न नोकरीत असताना झाले की नंतर, याने त्या नात्यात फरक पडत नाही.

मग वर्तुळ हळूहळू रुंदावत गेले. केंद्राच्या नियमांत १९९८ पासून अवलंबून असलेले आई-वडील आले. मुलामुलींची वयोमर्यादा वाढत पंचविशीपर्यंत गेली. विधवा आणि घटस्फोटित मुलींची वयाची अट २००४ मध्ये सुटली, अविवाहित मुलींची २००७ मध्ये. शरीराने किंवा मनाने अपंग असलेल्या आणि कमावू न शकणाऱ्या अपत्याला आजन्म पेन्शनची सोय झाली. वडिलांच्या घरी परत आलेली घटस्फोटित मुलगी हा आपल्याकडे फार हळवा विषय आहे. शेजारी कुजबुजतात, भाऊ नजर चुकवतात. तिला नियमाने कुटुंबात ओढून घेतले, हे मला या साऱ्या इतिहासातले एक फार सभ्य पाऊल वाटते.

१८५६ ची सावलीही थोडी मागे हटली. १ जानेवारी २००६ पासून केंद्राच्या नियमांत मूल नसलेल्या विधवेला पुनर्विवाहानंतरही पेन्शन चालू राहते, तिची स्वतःची मिळकत किमान कुटुंब निवृत्तीवेतनापेक्षा कमी असेल तर. सैन्यात शौर्यपदकाच्या भत्त्याबाबत आणखी विचित्र अट होती. वीरपत्नीने पुनर्विवाह केला तर भत्ता बंद, पण मृत पतीच्या भावाशी केला तर चालू. भत्ता जणू तिला नव्हे, सासरच्या उंबऱ्याला मिळत होता. ती अट २०१७ मध्ये गेली.

काही रेघा मात्र पक्क्या राहिल्या. पहिली पत्नी हयात असताना, घटस्फोट न घेता केलेले दुसरे लग्न हिंदूंना कायद्याने करता येत नाही. मुंबई इलाख्यात तर १९४६ मध्येच, देशभरचा कायदा होण्याआधी नऊ वर्षे, तसे लग्न अवैध ठरले होते. अशा दुसऱ्या पत्नीला कुटुंब निवृत्तीवेतन मिळत नाही. पण तिची मुले निरपराध असतात आणि कायदा त्यांना औरस मानतो. २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांचा वाटा मान्य केला.

आणि झाशीचा जुना प्रश्न २०२३ मध्ये पुन्हा आला, तोही महाराष्ट्रातून. एक केंद्रीय कर्मचारी १९९३ मध्ये निवृत्त झाले, १९९४ मध्ये वारले. त्यांच्या पत्नीने १९९६ मध्ये मुलगा दत्तक घेतला. पुढे त्याने कुटुंब निवृत्तीवेतन मागितले. जुन्या हिंदू धर्मशास्त्रात विधवेने घेतलेला दत्तक हा मृत पतीचाच, त्याच्या मृत्यूच्या दिवसापासूनचा मुलगा समजला जाई. १९५६ च्या दत्तक कायद्यात तो दत्तकाच्या दिवसापासूनचा ठरतो. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने आणि १७ जानेवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, कर्मचाऱ्याच्या मृत्यूनंतर विधवेने घेतलेला दत्तक त्याच्या कुटुंबात मोडत नाही. हयातीत घेतलेल्या दत्तकाला मात्र आज पूर्ण हक्क आहे. म्हणजे आजचा नियम असता तर नानासाहेब आणि दामोदरराव दोघेही दाराच्या आत असते.

नोकरी करणाऱ्या बाईचे कुटुंब कोण, हा प्रश्न सर्वांत उशिरा विचारला गेला. तिच्यामागे पहिला हक्क नवऱ्याचा, हे गृहीत होते, तो तिला मारहाण करीत असला तरी. जानेवारी २०२४ मध्ये केंद्राने मुभा दिली. घटस्फोटाचा दावा किंवा घरगुती हिंसाचाराचे प्रकरण चालू असेल, तर स्त्री कर्मचाऱ्याला नवऱ्याआधी आपल्या मुलांची नावे देता येतात.

पुन्हा अरुंद होणारे वर्तुळ

इतके सांगून झाल्यावर ही गोष्ट सरळ चढत गेली असे वाटेल. तसे नाही. केंद्रात १ जानेवारी २००४ पासून आणि महाराष्ट्रात १ नोव्हेंबर २००५ पासून सेवेत आलेल्यांना जुनी पेन्शन राहिली नाही. पगारातून कपात, सरकारचा हिस्सा, ती रक्कम बाजारात गुंतवलेली आणि शेवटी जे साठले त्यातून मिळेल ते. नोकरीची मोजकीच वर्षे झालेला तरुण शिक्षक किंवा तलाठी अचानक गेला, तर साठलेले ते किती असणार? मार्च २०२३ मध्ये राज्यातले कर्मचारी 'एकच मिशन, जुनी पेन्शन' म्हणत १४ ते २० तारखेपर्यंत संपावर गेले. त्या संपाच्या बातम्यांत निवृत्तांच्या आकड्यांची चर्चा अधिक झाली. पण महिनाअखेरीस, ३१ मार्चच्या शासन निर्णयाने, सेवेत असताना मृत्यू आलेल्या अशा कर्मचाऱ्यांच्या घरांना कुटुंब निवृत्तीवेतनाचा पर्याय मिळाला. माझ्या मते त्या संपाची हीच सर्वांत मोठी कमाई.

केंद्राने १ एप्रिल २०२५ पासून एकीकृत पेन्शन योजनेचा पर्याय दिला. पंचवीस वर्षांच्या सेवेला शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या निम्मे, आणि मागे जोडीदाराला त्याच्या साठ टक्के. आकडे ठीक आहेत, पण शब्द बारकाईने वाचले पाहिजेत. ही साठ टक्के रक्कम ज्याला मिळते तो निवृत्तीच्या तारखेला कायदेशीर जोडीदार असला पाहिजे. १९८९ मध्ये जी रेघ पुसली होती, ती पुन्हा ओढली गेली. जुन्या नियमांत जोडीदारानंतर मुले, अपंग अपत्य, आई-वडील अशी जी रांग होती, तीही या वाक्यात नाही. साठ वर्षांत रुंदावलेले 'कुटुंब' इथे पुन्हा एका माणसावर येऊन थांबले.

म्हणून हयातीतच कागद पाहावेत. सेवापुस्तकात कुटुंबाचा तपशील भरलेला असतो, तो नोकरी लागताना भरला आणि नंतर कोणी उघडला नाही, असे घडते. त्यात आईवडील असतात, बायको नसते. पहिले मूल असते, दुसरे नसते. अपंग अपत्याची नोंद निवृत्तीपूर्वी किंवा निदान हयातीत करून ठेवली तर मागे राहिलेल्यांचे हेलपाटे वाचतात. पेन्शनच्या आदेशावर जोडीदाराचे नाव असेल, तर मृत्यूचा दाखला आणि साधा अर्ज बँकेत दिला की पेन्शन सुरू होते, वारस दाखल्यासाठी न्यायालयात जावे लागत नाही. काकांनी अंशराशीकरण घेतले होते, म्हणजे पेन्शनचा काही भाग आधीच एकरकमी उचलला होता, म्हणून आपले पेन्शनही कमी होईल अशी मावशीला भीती होती. तसे होत नाही. कुटुंब निवृत्तीवेतन शेवटच्या वेतनावर मोजतात. सामान्यपणे ते त्याच्या तीस टक्के असते. पण मृत्यूनंतरची पहिली काही वर्षे, निवृत्तीनंतर मृत्यू आला तर साधारण सात, ते वाढीव दराने मिळते, आणि तो वाढीव दर आहे पन्नास टक्के.

पन्नास टक्के, म्हणजे निमे वेतन.

नियम लिहिणाऱ्यांच्या मनात सभासदाची बखर नसणार. पण घराचा अर्धा भार बाहेर जाऊन कमावणारा उचलतो आणि अर्धा घरात राहून दुसरे कोणी उचलते, हे ज्याला दिसते तो हिशेबाला बसला की निम्म्यावर येतो.

कोणाचे पेन्शन

१९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे एक प्रकरण आले होते. रेल्वेतल्या एका कर्मचाऱ्याने आपले सगळे देणे भावाच्या नावे करणारे मृत्युपत्र लिहून ठेवले होते. तो वारल्यावर भावाने कुटुंब निवृत्तीवेतनावरही हक्क सांगितला. न्यायालयाने म्हटले की कुटुंब निवृत्तीवेतन हा मृताच्या मिळकतीचा भाग नाही. ते त्याच्या हयातीत त्याचे कधीच नव्हते. जे त्याचे नाही ते तो मृत्युपत्राने कोणाला देऊ शकत नाही. ते नियमाने थेट विधवेचे आहे.

मावशीच्या प्रश्नाचे उत्तर इतके सोपे आहे. बालपरवेशी धन्याच्या कृपेची होती, आठ लाखांची नेमणूक बाजीरावाच्या देहापुरती होती, कारकुनाची पेन्शन कारकुनाबरोबर सरणावर जात होती. तिचे पेन्शन यांतले काहीच नाही. ते दया नाही आणि वारसाही नाही. पहाटे उठून डबा करून देणारी, पगार पुरवून आणणारी, दोन पोरे आणि सासू सांभाळणारी जी बाई त्या नोकरीमागे उभी होती, तिच्या कामाचा तो मोबदला आहे. म्हणून त्या कागदांना तिचा फोटो लागत होता.

गेल्या नोव्हेंबरात हयातीच्या यादीवर सही करायला मी तिला बँकेत घेऊन गेलो होतो. हल्ली अंगठा किंवा चेहरा दाखवून घरबसल्या दाखला काढता येतो, पण तिला आपल्या हाताने सही करायची असते. परत येताना रिक्षात मी तिला हे सगळे सांगितले. १९९१ चा निकाल सांगितला. काकांनाही हे पेन्शन दुसऱ्या कोणाला देता आले नसते, हे सांगितले. ती बराच वेळ बाहेर पाहत राहिली.

मग म्हणाली, "माझं आहे, ते कळलं रे. पण तेवढ्या निमित्ताने महिन्यातून एकदा ह्यांचं नाव तोंडी येतं. ते येऊ दे."